टाकी निम्म्यावर आली की ट्रॅक्टर एअर घेतो, बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही

शिवारपाना

ट्रॅक्टर ४५ एचपी, तीन सिलिंडर, इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरसाठी ओळीत एकेक दट्ट्या असलेला इंजेक्शन पंप). टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप इंजेक्शन पंपाच्या अंगावरच आहे, हॅन्ड प्रायमरवाला, म्हणजे हाताने डिझेल ढकलायची मूठ असलेला. त्यापुढे अर्ध्या लिटरचे दोन फिल्टर: पहिला कापडी, दुसरा कागदी. टाकीचा तळ फीड पंपापेक्षा जेमतेम वीतभर वर.

पंधरा दिवसांपूर्वी दोन्ही एलिमेंट (फिल्टरच्या आतल्या गाळण्या) बदलली, त्यानंतर हा त्रास सुरू झाला. सकाळी टाकी भरली की पहिल्या सेल्फला चालू होतो आणि दोन-अडीच तास नीट चालतो. टाकी निम्म्याखाली गेली आणि नांगर जमिनीत असला की इंजिन हुकायला लागतं, आरपीएम वर-खाली होतो आणि चार-पाच मिनिटांत बंद पडतं. फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा बोल्ट सैल केला की साबणासारखा फेस येतो. एअर काढली की अर्धा-पाऊण तास पुन्हा चालतो. रिकामी ट्रॉली ओढताना मात्र काहीच होत नाही.

फिल्टरचे रबर आणि बंजो बोल्टचे (नळी जोडायच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर दुसऱ्यांदा नवे टाकून झाले. कुठेही ओल नाही. दोन गोष्टी हव्या आहेत: एअर काढायची बरोबर पद्धत, आणि ही एअर शिरते कुठून ते शोधायचं कसं.

रानवाट

आधी फिल्टरची वाटी पुन्हा उघडा आणि डोक्यातली खाच नखाने चाचपा. बऱ्याचदा जुनं रबर वर चिकटून राहतं आणि नवं त्याच्यावर बसतं. दोन रबरं एकावर एक असली की मधला बोल्ट कितीही आवळा, वाटी सरळ बसत नाही. दुसरं म्हणजे एलिमेंटच्या मधल्या भोकाखालची स्प्रिंग आणि तिच्यावरची चकती. ती उलटी बसली तर डिझेल गाळल्याविनाच पुढे जातं. एअरचा त्रास त्याने होत नाही, पण पंप खराब व्हायला तेवढं पुरे.

एअर काढताना तिन्ही नोझलचे नट एकदम सैल करा, फुल रेस ठेवून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. बंजो बोल्टच्या आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळली तर तिथून एअर येण्याचा प्रश्नच उरत नाही.

बेंच_दोन

रबराची आणि स्प्रिंगची गोष्ट बरोबर आहे, ती तपासाच. टेफलॉन टेप मात्र डिझेलच्या कुठल्याही जोडाला लावू नका. बंजो बोल्टचं सील त्याच्या आट्यांवर नसतं, दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वायसरवर असतं. प्रेशर नळीचं सील तिच्या टोकाच्या शंकूवर असतं. टेपने दोन्ही ठिकाणी काही फायदा नाही, आणि आवळताना टेपचा जो धागा तुटतो तो सरळ पंपात जातो. फिल्टरच्या पुढच्या जोडावर टेप असेल तर त्या धाग्याला अडवायला मध्ये काहीच नसतं. पंपातल्या प्लंजर (दट्ट्या) आणि त्याच्या बॅरलमधली फट दोन-चार मायक्रॉनची असते.

आता मूळ प्रश्न. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतच निम्मं उत्तर आहे. डिझेलचा रस्ता असा आहे: टाकी, कॉक, रबरी नळी, फीड पंप, पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, इंजेक्शन पंपाची गॅलरी (पंपातली डिझेलची पोकळी), तिथून प्रेशर नळ्या आणि नोझल. फीड पंप हा या रस्त्यावरचा टोलनाका समजा. त्याच्या पुढे इंजिन चालू असताना एक-दीड बारचा दाब असतो. तिथे जोड ढिला असेल तर डिझेल बाहेर येईल, हवा आत जाणार नाही. त्याच्या मागे मात्र ओढ असते, आणि तिथे बारीक फट असली की हवा आत जाते, डिझेल बाहेर येतच नाही. बाहेर ओल नसताना फेस येतोय याचा अर्थ फट फीड पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. फिल्टर बदलल्यानंतर त्रास सुरू झाला म्हणून सगळे फिल्टरच पुन्हा पुन्हा उघडतात आणि चुकीच्या जागी दिवस घालवतात.

टाकी भरलेली असताना त्रास का नाही? एक मीटर उंचीच्या डिझेलचा दाब साधारण ०.०८ बार. तुमच्याकडे टाकी भरलेली असताना हाताभर उंची मिळते, तेवढा इवलासा दाब फटीला बाहेरून हवा ओढू देत नाही. पातळी खाली आली आणि वर नांगराचा लोड आला की पंप जास्त डिझेल मागतो, ओढ वाढते आणि फट उघडी पडते. रिकाम्या ट्रॉलीला डिझेल कमी लागतं म्हणून तिथे काही होत नाही. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होतो, म्हणजे रात्रभर डिझेल मागे उतरत नाही, फिल्टरच्या पुढचं सगळं ठीक आहे. उलट लक्षण असतं, म्हणजे सकाळी चालू व्हायला छळतो आणि एकदा चालू झाला की दिवसभर काही नाही, तर फिल्टरची रबरं, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह (जादा डिझेल परत सोडणारा) आणि फीड पंपाचे आतले व्हॉल्व्ह आधी बघायला सांगितलं असतं.

शोधायची पद्धत. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, बॉनेटच्या उंचीला बांधा. फीड पंपाच्या इनलेटला येणारी रबरी नळी काढा आणि कॅनमधून सरळ इनलेटला मीटरभर पारदर्शक नळी जोडा. गवंडी पाणलेव्हलला वापरतात ती चालते, पण फक्त तपासणीपुरती. डिझेलने ती आठवडाभरात कडक होते. दोन्ही टोकांना क्लिप लावा. टाकीकडचं टोक बंद करा. एअर काढा आणि याच अवस्थेत नांगराला लावा. ताशी सात-आठ लिटर धरले तर कॅन अर्धा-पाऊण तास पुरतो, म्हणून जवळ दुसरा भरलेला ठेवा. कॅन रिकामा होऊ दिलात तर तपासणीही वाया जाईल आणि एअर पुन्हा काढावी लागेल.

या तासाभरात इंजिन हुकलं नाही तर दोष टाकी ते इनलेट या टप्प्यात. पारदर्शक नळीत डिझेल स्वच्छ आहे, बुडबुडा नाही, आणि तरीही फिल्टरवर फेस येतोय, तर दोष फीड पंपातच. बहुतेक वेळा तो हॅन्ड प्रायमरच्या दट्ट्याच्या सीलमध्ये असतो. प्रायमर पंपाच्या ओढीच्या बाजूला बसवलेला असतो हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पंपिंग झाल्यावर त्याची मूठ खाली दाबून आट्यांवर पूर्ण आवळली नाही तर तिथूनही हवा जाते.

आणखी एक सोपी खूण: इंजिन चालू असताना संशयाच्या जोडावर ग्रीसचा जाड थर चोपडा. ग्रीसने फट बुजली की बुडबुडे लगेच कमी होतात.

शिवारपाना

कॅन आणायला सांगितलंय. तोवर एअर काढायची नीट पद्धत लिहाल का? आत्तापर्यंत दर वेळी तिन्ही नट सैल करूनच काढली आहे.

बेंच_दोन

इनलाइन पंपासाठी लिहितो.

आधी टाकी निम्म्याच्या वर भरा, कॉक पूर्ण उघडा आणि स्टॉपचा दांडा आत ढकललेला आहे याची खात्री करा. स्टॉप ओढलेला राहिला तर प्लंजर डिझेल पुढे सोडतच नाही, मग एअर राहिली म्हणून माणूस तासभर पाने फिरवत बसतो. स्टॉपसाठी सोलेनॉइड असेल तर चावी ऑन केल्यावर ‘टक्’ आवाज आला पाहिजे. फिल्टर आणि पंपाचा भाग डिझेलने धुऊन पुसा. डायनॅमो आणि सेल्फवर फडकं टाका. सुती चिंधी नको, तिचे धागे सुटतात.

एअर काढायची दिशा टाकीकडून नोझलकडे, कधीही उलटी नाही. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा बोल्ट एक-दीड आटा सैल करा. प्रायमरची मूठ फिरवून मोकळी करा आणि पूर्ण स्ट्रोक द्या, सावकाश. घाईने छोटे छोटे धक्के दिले तर हवा नुसती आतल्या आत दबते आणि सुटते. आधी फेस, मग तुटक धार, मग अखंड धार येईल. अखंड धार लागल्यावर आणखी दहा-बारा स्ट्रोक द्या आणि धार चालू असतानाच बोल्ट आवळा. हात थांबवून आवळलं तर शेवटचा बुडबुडा परत आत जातो. मग दुसऱ्या फिल्टरचा बोल्ट, तसाच. मग इंजेक्शन पंपाच्या गॅलरीवरचा एअर स्क्रू. अर्ध्या लिटरच्या दोन वाट्या रिकाम्या असतील तर एक लिटरच्या आसपास डिझेल हातानेच ढकलायचं आहे. एका स्ट्रोकला काही सीसीच येतात, त्यामुळे दीड-दोनशे स्ट्रोकही लागू शकतात. पन्नास स्ट्रोकला काही आलं नाही म्हणून पंप खराब ठरवू नका. एलिमेंट बदलताना वाट्या गाळलेल्या डिझेलने भरून चढवल्या तर हे कष्ट वाचतात, पण ओतायचं ते वाटीत, एलिमेंटच्या बाहेरच्या बाजूला. मधल्या भोकात ओतलेलं डिझेल न गाळता पंपात जातं.

तिन्ही ठिकाणी अखंड धार आली की प्रायमर कडक लागतो आणि ओव्हरफ्लोतून डिझेल परत जायला लागतं. प्रायमर खाली दाबून आवळा आणि सेल्फ मारा. फक्त फिल्टर बदलला असेल तर बहुतेक वेळा इथेच इंजिन चालू होतं, नोझलच्या नटांना हात लावायची गरज नसते. ते नट दर वेळी उघडल्याने नळीच्या शंकूला खाच पडते आणि काही महिन्यांनी तिथूनच गळती सुरू होते.

डिझेल पार संपलं असेल किंवा नळ्या काढल्या असतील तर मात्र नट सैल करावे लागतात, आणि ते नोझलच्या टोकाचे. १७ चा पाना लागतो, काही ठिकाणी १९ चा. एक आटा सैल पुरे. रेस पूर्ण, न्यूट्रल, हँडब्रेक, मग सेल्फ.

किती वेळ सेल्फ मारायचा याचा हिशोब करून बघा. प्रेशर नळीचं आतलं भोक साधारण २ मिमी. लांबी ६० सेंमी धरली तर नळीत १.९ सीसी डिझेल मावतं. या ताकदीचं इंजिन एका सिलिंडरला एका वेळी ५०-६० घन मिमी डिझेल देतं. म्हणजे रिकामी नळी भरायला ३०-४० फटके हवेत. सेल्फवर इंजिन २०० आरपीएमने फिरलं तर चार स्ट्रोकमध्ये मिनिटाला १०० फटके पडतात. हिशोब वीस सेकंदांवर येतो. तो एका दमात नाही: १० सेकंद सेल्फ, मग मिनिटभर थांबा, पुन्हा १० सेकंद. सलग मारलात तर सेल्फची वायंडिंग जळते. आणि तीन वेळा करूनही नटातून काहीच आलं नाही तर सेल्फ मारणं थांबवा. पुढे डिझेलच येत नाहीये, मागे जाऊन पुन्हा गॅलरी बघा.

तिन्ही नट एकदम सैल केले तरी आवळताना एकेक करून, त्या त्या नटातून हवेविना डिझेल उसळायला लागल्यावर. दोन आवळले की इंजिन धडधडत चालू होतं, मग तिसरा. आवळताना २०-२५ न्यूटन-मीटर, म्हणजे नेहमीच्या लांबीच्या पान्याने एका हाताचा नीट जोर, पाइप लावून नाही. पंपाच्या टोकाचा नट आवळायचा असेल तर त्याच्या खालचा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर तो फिरतो आणि मग पंपच तपासणीच्या बेंचवर न्यावा लागतो.

सैल नटासमोर बोट किंवा तळहात कधीही धरू नका. नोझल साधारण २०० बारला उघडतं. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, वर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि दुखतही नाही. पण आत गेलेलं डिझेल मांस कुजवतं. असं झालं तर दुखायची वाट न बघता लगेच दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.

रानवाट

टेपचं मान्य, ते परत सांगणार नाही. एक विचारतो: एवढासा बुडबुडा राहिला तर एवढं मोठं इंजिन का अडतं?

बेंच_दोन

डिझेल २०० बारला दाबलं तर जेमतेम सव्वा टक्का आक्रसतं. हवा तेवढ्याच दाबाला दोनशेव्या हिश्श्यावर येते. प्लंजर एका फटक्यात ५०-६० घन मिमी ढकलतो. नळीत अर्धा सीसी हवा असेल, म्हणजे ५०० घन मिमी, तर पहिला फटका त्या हवेला फक्त किंचित दाबतो, दाब वाढतो दशांश बारने. नोझल उघडायला हवेत २०० बार. आठ-दहा फटक्यांनी दाब चढलाच तरी बुडबुडा स्प्रिंगसारखा वागतो: दाब हळू चढतो, हळू उतरतो, नोझल नीट फवारत नाही, गळल्यासारखं डिझेल सोडतं. त्यामुळे इंजिन हुकतं आणि सेल्फ मारताना पांढरा धूर येतो. धुराकडे म्हणूनच लक्ष ठेवायचं. सेल्फवर पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, नीट जळत नाहीये. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही.

खाडीकाठ

होडीच्या इंजिनांना हाच रोग जास्त होतो, म्हणून थोडं जोडतो. होडी डोलते, टाकी चतुर्थांशावर आली की डिझेल एका बाजूला जातं आणि ओढ नळीचं तोंड क्षणभर उघडं पडतं. प्रत्येक डोलीला एक घोट हवा. उतारावर नांगरणाऱ्या ट्रॅक्टरलाही हे लागू आहे. नळी कितीही चांगली असली तरी टाकी कोरडी होईपर्यंत चालवू नये, आणि टाकीच्या आत आडव्या पट्ट्या असलेल्या बऱ्या.

दुसरं, टाकीच्या झाकणाचं भोक. ते चिखलाने किंवा मिठाने बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि फीड पंपाला ओढणं जड जातं. इंजिन हुकायला लागलं की झाकण उघडा, ‘फुस्स’ आवाज आला तर भोक बुजलंय. नुसत्या बुजलेल्या भोकाने फिल्टरवर फेस येत नाही, डिझेल कमी पडतं. पण वाढलेली ओढ जिथे बारीक फट असेल तिथून हवा खेचते, म्हणून दोन्ही रोग एकत्र दिसतात. जाळी तुंबली तरी हेच होतं. फीड पंपाच्या इनलेटच्या बोल्टात किंवा खालच्या काचवाटीत बारीक जाळी असते, ती किती जणांनी कधी काढून बघितलीय?

एका सिलिंडरच्या पाण्याच्या इंजिनाला बहुतेक ठिकाणी फीड पंप नसतो, टाकी वर असते आणि डिझेल आपोआप उतरतं. तिथे फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा स्क्रू सैल करून नुसतं वाहू द्यायचं. मग नोझलचा नट, डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडायचा) लिव्हर उचलून हँडल फिरवायचं. नट आवळल्यावर हँडल फिरवताना नोझलचा ‘कर्र कर्र’ आवाज कानावर आला पाहिजे. तो आला की लिव्हर टाका. आवाज न येता हँडल मारत राहणं म्हणजे दंड दुखवून घेणं.

माळरान_३५

आमच्याकडे गोल, रोटरी पंप आहे, वर स्प्रिंगचा दांडा असलेला. गॅलरीचा स्क्रू सापडत नाही. पद्धत तीच का?

बेंच_दोन

रोटरी डीपीए पंपाला गॅलरी नसते, दोन एअर स्क्रू असतात: एक गव्हर्नरच्या झाकणावर सगळ्यात वर, दुसरा प्रेशर नळ्या निघतात त्या हायड्रॉलिक हेडच्या बाजूला, हेड धरून ठेवणाऱ्या बोल्टात. फिल्टरची एअर काढल्यावर हे दोन्ही सैल करा आणि फीड पंपाचा लिव्हर चालवा. हेडचा आधी आवळायचा, गव्हर्नरचा नंतर. मग पंपाच्या इनलेटचा नट थोडा सैल करून तिथलीही काढा आणि शेवटी नोझलकडचे दोन नट.

लिव्हरवाला फीड पंप बहुधा डायफ्रॅमचा असतो आणि इंजिनच्या कॅमवर चालतो. लिव्हर नुसताच ढिला लागतोय, जोरच लागत नाही, असं झालं तर कॅम नेमका उचललेल्या जागी थांबलाय. इंजिन एक फेरा फिरवा, लिव्हरला जोर येईल. पंप खराब समजून बदलू नका.

कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत) असेल तर वरचं काहीही करू नका. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले, त्यामुळे नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत ही पद्धत बरीच आली आहे. रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. चालू इंजिनवर किंवा सेल्फ मारताना त्या नळ्यांचे नट सैल करणं जिवावर बेतू शकतं. तिथे फक्त कमी दाबाच्या बाजूची एअर काढायची: फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, किंवा टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून थोडा वेळ थांबा, ऑफ करा, असं तीन-चार वेळा. पुढची एअर रिटर्नने स्वतः निघून जाते.

शिवारपाना

तपासून झालं. कॅनवर दीड तास नांगर चालवला, एकदाही हुकला नाही. पारदर्शक नळीत एक बुडबुडा नाही. म्हणजे फीड पंप आणि प्रायमर ठीक.

मग तीच पारदर्शक नळी मूळ जागी, कॉक आणि इनलेटच्या मध्ये लावली. टाकी निम्म्यावर असताना लोड दिला तरी बुडबुडे नाहीत! जुनी रबरी नळी परत लावून पारदर्शक नळीचा तुकडा फक्त इनलेटजवळ ठेवला, तर दहा मिनिटांत बुडबुड्यांची माळ सुरू झाली. कॉककडच्या टोकाला ग्रीस चोपडलं, माळ थांबली.

नळी कापून बघितली. कॉकच्या निपलवर बसणारा दीड इंचाचा भाग प्लास्टिकसारखा कडक झालाय आणि क्लिपच्या खाली आतून लांबट चीर आहे. फिल्टर बदलताना कॉक पूर्ण बंद होत नव्हता म्हणून नळी उपसून वर बांधली होती आणि काम झाल्यावर तीच क्लिप आवळून बसवली होती. इनलेटच्या बोल्टातली जाळीही काढली, निम्म्याहून जास्त भागावर तपकिरी चिकट थर होता.

बेंच_दोन

म्हणजे फिल्टर बदलण्यानेच त्रास सुरू झाला होता, पण फिल्टरमुळे नाही. जुनं रबर ज्या आकाराला जमलेलं असतं तिथून एकदा हललं की परत तसं धरत नाही. आणि तुंबलेल्या जाळीने ओढ वाढवली म्हणून ती चीर लोडमध्ये उघडी पडली. नुसती नळी बदलून जाळी तशीच ठेवली असती तर एअर थांबली असती, पण भर लोडला डिझेल कमी पडलं असतं.

नळी घेताना डिझेलसाठीचीच, आत दोऱ्याचं विणकाम असलेली घ्या, निपलच्या मापाची, बहुतेक ठिकाणी ८ मिमी. पाण्याची किंवा हवेची नळी डिझेलने फुगते, मग आतून चिकटून रस्ता बंद करते. नळी निपलवर किमान एक इंच चढली पाहिजे. क्लिप निपलच्या फुगीर कडेच्या मागे, कडेवर नाही. तारेने आवळू नका, तार एका जागी रुतते आणि बाकी ढिलं राहतं. लांबी इतकी ठेवा की नळी कुठे मुडपणार नाही आणि सायलेन्सरच्या जवळ जाणार नाही.

जाळीवरचा थर टाकीतून आलाय. तळाचा ड्रेन उघडून अर्धा-एक लिटर डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि रात्रभर ठेवा. खाली पाणी किंवा तपकिरी गाळ बसला तर टाकी काढून धुवा. नाहीतर नवे एलिमेंटही लवकर भरतील. कॉकही बदलून टाका, नाहीतर पुढच्या फिल्टरला नळी पुन्हा उपसावी लागेल.

रानवाट

तांब्याचे वायसर दर वेळी नवे घ्यावेच लागतात का? तालुक्याला मिळतात, गावात नाही.

बेंच_दोन

दोन-तीनदा परत चालतात. तांबं आवळल्याने कडक होतं म्हणून ते आधी मऊ करावं लागतं. वायसर चिमट्यात धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. लोखंडासारखं तांबं पाण्याने कडक होत नाही, मऊच राहतं. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू गोल फिरवून घासा, बोल्टाच्या कडेची खाच निघेपर्यंत. खाच खोल असेल तर टाकून द्या. ॲल्युमिनियमच्या आणि आत रबर असलेल्या वायसरला हे चालत नाही, ते नवेच घ्यायचे. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये १४ मिमीचे आठ-दहा वायसर, फिल्टरची दोन रबरं आणि हातभर डिझेल नळी दोन क्लिपांसकट ठेवा.

शिवारपाना

नवी नळी, नवा कॉक, जाळी साफ. टाकीच्या तळातून दोन वाट्या पाणी निघालं, टाकी धुतली. वरच्या क्रमाने एअर काढली, नोझलच्या नटांना हात न लावता दुसऱ्या सेल्फला चालू झाला. काल टाकी पाव होईपर्यंत नांगर चालवला, आज रोटरला लावलाय. फिल्टरचा बोल्ट सैल केला की पहिल्या स्ट्रोकलाच अखंड धार येते.